सही शहाची, जमीन कोणाची?

सेमिनारसाठी टॉपिक शोधताना मला विल्यम नॉक्स डार्सी सापडला आणि रूमवर रात्रीचे दोन कधी वाजले, कळलंच नाही.

डार्सीचा जन्म १८४९ चा, इंग्लंडमधला. ऑस्ट्रेलियात वकिली करता करता माउंट मॉर्गनच्या सोन्याच्या खाणीत गडी गडगंज झाला. १९०१ मध्ये त्याने इराणच्या शहाकडून तेल शोधायचा ६० वर्षांचा हक्क मिळवला. बदल्यात २०,००० पौंड रोख, तेवढ्याच किमतीचे शेअर आणि नफ्यात १६ टक्के वाटा. रशिया बिथरू नये म्हणून उत्तरेचे पाच प्रांत करारातून वगळले.

पण शहाचा कागद बख्तियारी टोळ्यांच्या डोंगरात चालेना! १९०५ मध्ये त्यांच्या खानांशी वेगळा करार करावा लागला: पहाऱ्याचे पैसे, वर शेअरमध्ये वाटा. तरी कटकटी संपेनात. शेवटी भारतातून घोडदळाची तुकडी पहाऱ्याला नेली. ड्रिलिंग सांभाळणारा इंजिनिअर रेनॉल्ड्ससुद्धा पूर्वी भारतात पीडब्ल्यूडीत होता.

डार्सीचा पैसा आटत आला तेव्हा बर्मा ऑइल कंपनी मदतीला आली. २६ मे १९०८ ला मस्जिद-इ-सुलेमानला तेल लागलं. १९१४ मध्ये ब्रिटिश सरकारनेच कंपनीत निम्म्याहून जास्त हिस्सा घेतला. १९१७ मध्ये डार्सी वारला. इराणमध्ये त्याने कधी पाऊलही ठेवलं नव्हतं.

१९५१ मध्ये इराणने तेलाचं राष्ट्रीयीकरण केलं आणि तो जुना प्रश्न पुन्हा वर आला. मित्रांनो, किती फुटांवर तेल लागेल हे आपण शिकतो. पण वरची जमीन कोणाची, हे कोणत्या सेमिस्टरला आहे?