मिठावरील कर आणि मुलांची शाळा

महाराष्ट्राबाहेर गोपाळ कृष्ण गोखले यांची ओळख आज बहुधा एका वाक्यापुरती उरली आहे : गांधीजींनी ज्यांना आपले राजकीय गुरू मानले ते गोखले. इतिहासाचा विद्यार्थी असताना मीही त्यांच्याविषयी वाचले ते नेमस्त आणि जहाल यांच्या वादाच्या संदर्भात. पुढे शासकीय सेवेत वित्त विभागाचे काम वाट्याला आले, तेव्हा त्यांची अर्थसंकल्पावरील भाषणे मुळातून वाचली आणि मला निराळेच गोखले भेटले. कोणता कर कोणाच्या खिशातून येतो, तो कोठे जातो आणि त्यातील किती हिस्सा गावच्या शाळेपर्यंत पोहोचतो, हा हिशेब या माणसाने आयुष्यभर मांडला. सरकारी शाळांच्या निधीचा प्रश्न आजही सुटलेला नाही. म्हणून हा हिशेब पुन्हा उघडून पाहण्यासारखा आहे.

गोखले यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी झाला. ते तेरा वर्षांचे असताना वडिलांचे छत्र हरपले. थोरले बंधू गोविंदराव यांनी आपले शिक्षण सोडून दरमहा १५ रुपयांची नोकरी पत्करली आणि त्यातील ८ रुपये ते धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवू लागले. अर्ध्याहून अधिक पगार असा एका मुलाच्या शिक्षणावर खर्ची पडला. गोखले १८८४ मध्ये पदवीधर झाले आणि पुण्यात शिक्षकी पेशात शिरले. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य म्हणून त्यांनी अल्प वेतनावर सुमारे दोन दशके शिकविले. अंकगणिताचे पाठ्यपुस्तकही लिहिले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या हाताखाली त्यांना सरकारी अहवाल, ताळेबंद आणि आकडेवारी वाचण्याची जी शिस्त लागली, ती त्यांच्या पुढच्या साऱ्या कामाचा पाया ठरली. वयाच्या एकतिसाव्या वर्षी, १८९७ मध्ये, हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी ते लंडनला गेले, ते याच तयारीच्या बळावर.

१९०२ मध्ये ते कलकत्त्याच्या केंद्रीय विधिमंडळात दाखल झाले. त्या सभागृहाचे अधिकार ध्यानात घेतले पाहिजेत. १८९२ च्या कायद्याने सभासदांना अर्थसंकल्पावर बोलण्याची मुभा दिली होती; मतदानाचा हक्क मात्र दिलेला नव्हता. वर्षातून एकदा बोलायचे आणि खाली बसायचे, एवढेच सभासदाच्या हाती होते. सरकारी सभासदांचे बहुमत तर ठरलेलेच. अशा सभागृहात २६ मार्च १९०२ रोजी गोखले यांनी पहिले अर्थसंकल्पीय भाषण केले आणि सरकार ज्या गोष्टीचा अभिमान मिरवीत होते तिच्यावरच बोट ठेवले. तिजोरीत सलग चौथ्या वर्षी शिल्लक होती. त्या वर्षी तर ती सुमारे सात कोटी रुपयांची होती. देशात मात्र १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन भीषण दुष्काळांनी माणसे आणि गुरे यांचा फडशा पाडला होता. मग ही शिल्लक आली कोठून?

गोखले यांचे उत्तर वित्तशास्त्राच्या कसोटीला उतरणारे होते. रुपयाचा भाव घसरत होता त्या काळात इंग्लंडमधील देणी भागविण्यासाठी सरकारने कर वाढविले. मिठावरील कर १८८८ मध्ये मणामागे दोन रुपयांवरून अडीच रुपयांवर नेला गेला. पुढे १८९३ मध्ये टांकसाळी खुल्या नाणेपाडणीस बंद झाल्या, रुपयाचा भाव सावरून १६ पेन्सांवर स्थिर झाला आणि तीच देणी कमी रुपयांत भागू लागली. वाढीव कर मात्र तसेच राहिले. म्हणजे ही शिल्लक समृद्धीची खूण नव्हती. गरज संपल्यावरही रयतेकडून वसूल होत राहिलेल्या कराची ती रास होती. मीठ श्रीमंत जेवढे खातो, जवळपास तेवढेच गरीब खातो. म्हणून या कराचा भार गरिबावर सर्वांत जड पडतो, हे त्यांनी वर्षानुवर्षे सांगितले. १९०३ मध्ये मिठावरील कर दोन रुपयांवर आला, १९०५ मध्ये दीड रुपयावर आणि १९०७ मध्ये एका रुपयावर. प्राप्तिकरातून सूट मिळण्याची मर्यादाही १९०३ मध्ये वार्षिक ५०० रुपयांवरून १००० रुपयांवर गेली. या सवलतींमागे अनेक कारणे होती. परंतु मताचा हक्क नसलेल्या सभासदाचे आकडे सरकारला झटकून टाकता आले नाहीत, हे त्यांपैकी एक.

कर कमी करा, ही मागणी लोकप्रिय असते आणि बहुतेक लोकप्रतिनिधी तेथेच थांबतात. गोखले थांबले नाहीत. त्यांच्या लेखी कराच्या न्याय्यतेचे दोन प्रश्न होते. तो कोणाकडून घेतला, हा पहिला; घेतलेल्या पैशाचे काय केले, हा दुसरा. हा दुसरा प्रश्न आपल्याकडे नवा नव्हता. मुंबई इलाख्यात १८६० च्या दशकापासून शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा स्थानिक उपकर घेतला जाई आणि त्याचा तिसरा हिस्सा शिक्षणासाठी असे. शेतकऱ्यांच्या पैशावर वरिष्ठ वर्गांचे उच्च शिक्षण पोसले जाते आणि शेतकऱ्याचे मूल शाळेबाहेरच राहते, अशी तक्रार जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे केली होती. गोखले यांनी तो प्रश्न मध्यवर्ती तिजोरीच्या दारात नेला.

१९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी सभासदांना ठराव मांडण्याचा अधिकार दिला. तो मिळताच, मार्च १९१० मध्ये, प्राथमिक शिक्षण सर्व देशात मोफत आणि सक्तीचे करण्याच्या दिशेने प्रारंभ व्हावा, असा ठराव गोखले यांनी मांडला. त्यांनी सभागृहापुढे ठेवलेली तुलना आजही अस्वस्थ करते. प्राथमिक शिक्षणावर इंग्लंड आणि वेल्समध्ये दरडोई १० शिलिंग खर्च होत. मागासलेल्या म्हणून हिणवल्या जाणाऱ्या रशियातही साडेसात पेन्स. हिंदुस्थानात जेमतेम एक पेनी. विचार करण्याचे आश्वासन मिळाल्यावर त्यांनी ठराव मागे घेतला. त्याच वर्षी स्वतंत्र शिक्षण विभाग स्थापन झाला. सक्तीबाबत मात्र हालचाल दिसेना. तेव्हा १६ मार्च १९११ रोजी त्यांनी आपले विधेयक मांडले.

हे विधेयक काळजीपूर्वक वाचले, तर ते स्वप्नाळू माणसाने लिहिलेले नाही हे लगेच कळते. इंग्लंडच्या १८७० व १८७६ च्या आणि आयर्लंडच्या १८९२ च्या कायद्यांचा त्याला आधार होता. सहा ते दहा वर्षे वयाच्या मुलग्यांसाठी सक्ती. मुलींसाठी ती पुढे लागू करण्याची तरतूद. शाळेत जाणाऱ्या मुलांचे प्रमाण सरकार ठरवील त्या टक्क्यापर्यंत पोहोचले असेल तेथेच, नगरपालिकेने किंवा जिल्हा बोर्डाने इच्छा दर्शविल्यावर आणि सरकारची मंजुरी घेऊन सक्ती आणायची. दरमहा १० रुपयांपेक्षा जास्त मिळकत नसलेल्या पालकाकडून फी घ्यायची नाही. स्थानिक संस्थांना शिक्षणासाठी खास कर बसविण्याचा अधिकार द्यायचा. पण दोन तृतीयांश खर्च सरकारने उचलावा आणि एक तृतीयांश स्थानिक संस्थेने, असा गोखले यांचा आग्रह होता. बडोद्यात सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीचा प्रयोग करून १९०६ मध्ये तो साऱ्या संस्थानात नेला होता. संस्थानाला जे परवडते ते साम्राज्याला का परवडू नये, या प्रश्नाला समाधानकारक उत्तर नव्हते.

पैशाचा प्रश्न आला तेव्हा गोखले यांनी बगल दिली नाही. आयातीवरील सर्वसाधारण जकात ५ टक्क्यांवरून साडेसात टक्क्यांवर न्यावी, हा उपाय त्यांनी सुचविला. एवढ्यावर भागले नाही, तर मिठावरील कर पुन्हा मणामागे आठ आण्यांनी वाढला तरी आपण तो पत्करू, इथवर ते गेले. ज्या करासाठी त्यांनी सारी प्रतिष्ठा पणाला लावली होती, तोच कर! आपल्या देशबांधवांनी थोडे मीठ कमी खाल्ले तर ते हलके संकट. त्यांची मुले अज्ञानात वाढणे हे त्याहून भारी, असे त्यांचे म्हणणे होते. एका दृष्टीने हा युक्तिवाद कठोर आहे. शाळेची किंमत सर्वांत गरिबाच्या ताटातून वसूल करणे न्याय्य कसे, असे आपण आज विचारू आणि विचारलेच पाहिजे. परंतु या वाक्यामागे वीस वर्षांचा हिशेब उभा होता. अन्याय्य कराविरुद्ध जो लढला, त्यालाच नवा कर मागण्याचा नैतिक अधिकार पोहोचतो. आणि त्यांनी तो मागितला तोही त्याच रयतेच्या मुलांसाठी.

१९ मार्च १९१२ रोजी मतदान झाले. विधेयक चिकित्सा समितीकडे पाठविण्याचा प्रस्ताव १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळला गेला. मदन मोहन मालवीय आणि महंमद अली जीना हे दोघेही गोखले यांच्या बाजूने उभे होते. विरोधात केवळ इंग्रज अधिकारी नव्हते. अनेक हिंदी जमीनदार सभासदही होते. शेतावर राबणारी पोरे शाळेत गेली तर मजूर कोठून आणायचे, ही धास्ती होती. नव्या स्थानिक कराचा बोजा आपल्यावर येईल, ही दुसरी. सरकारचे म्हणणे असे, की सक्तीची घाई नको, अनुदाने वाढवून स्वेच्छेने शिक्षण पसरू द्यावे. १९१३ च्या शैक्षणिक धोरणविषयक ठरावाने हीच भूमिका पक्की केली. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, अवघ्या अठ्ठेचाळीसाव्या वर्षी, पुण्यात गोखले यांचे निधन झाले.

त्यानंतर वर्षभरात जे घडले ते वित्त विभागात काम केलेल्या कोणालाही अंतर्मुख करील. १९१६ च्या अर्थसंकल्पात आयातीवरील सर्वसाधारण जकात ५ टक्क्यांवरून साडेसात टक्के झाली आणि मिठावरील कर एक रुपयावरून सव्वा रुपया. जे दोन कर शाळांसाठी अशक्य ठरले होते, ते महायुद्धासाठी एका फटक्यात शक्य झाले. पैसा नाही, या सबबीचा अर्थ बहुतेक वेळा पैसा त्या कामासाठी नाही एवढाच असतो.

गोखले यांची कल्पना मात्र मेली नाही. विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नांनी मुंबई इलाख्यात १९१८ मध्ये प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला आणि पुढील दोन-तीन वर्षांत बहुतेक प्रांतांनी तसे कायदे केले. पण १९१९ च्या द्विदल पद्धतीत शिक्षण हिंदी मंत्र्यांकडे आले आणि अर्थखाते राखीव राहिले. कायदा एकाच्या हाती, किल्ली दुसऱ्याच्या. संविधानाच्या मूळ ४५ व्या अनुच्छेदाने दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा संकल्प केला. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने तो सहा ते चौदा वयोगटासाठी मूलभूत हक्क झाला आणि १ एप्रिल २०१० पासून शिक्षणहक्क कायदा अमलात आला. गोखले यांच्या ठरावाला तेव्हा शंभर वर्षे पूर्ण झाली होती.

हक्क आला; हिशेबाचे काय? २००४ मध्ये केंद्रीय करांवर २ टक्के शिक्षण उपकर बसला आणि त्यासाठी प्रारंभिक शिक्षा कोश निर्माण झाला. २००७ मध्ये माध्यमिक व उच्च शिक्षणासाठी आणखी १ टक्का आला; त्याच्यासाठीच्या स्वतंत्र कोशाला मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली ती २०१७ मध्ये. दहा वर्षे करदाता पावती फाडत होता आणि पैसा ठेवण्याची पेटीच तयार नव्हती. २०१८ पासून आरोग्य आणि शिक्षण मिळून ४ टक्के उपकर आहे. उपकराचे उत्पन्न राज्यांशी वाटून घ्यावे लागत नाही. शिक्षकांच्या पगाराचा मोठा भार मात्र राज्येच वाहतात. समग्र शिक्षा योजनेत केंद्राचा वाटा सर्वसाधारण राज्यांसाठी ६० टक्के आहे, पण तो योजनेपुरता. राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के शिक्षणावर खर्चावेत, ही कोठारी आयोगाची १९६६ ची शिफारस २०२० च्या धोरणातही पुन्हा लिहावी लागली, यातच सारे आले.

माझ्या सेवाकाळात अर्थसंकल्प तयार होताना एक गोष्ट मी वारंवार पाहिली. पगार आणि व्याज यांना हात लावता येत नाही. तूट भरायची वेळ आली की पहिली कात्री चालते ती शाळाखोल्या, स्वच्छतागृहे आणि पुस्तके यांवर. कारण या खर्चाच्या बाजूने बोलणारा त्या बैठकीत कोणी नसतो. गोखले तसे बोलणारे होते. त्यांनी शाळा मागताना पैसा कोठून येईल हे सांगितले, कर मागताना तो कोणावर पडेल हे सांगितले, आणि राज्यसत्तेकडे तिचा दोन तृतीयांश वाटा मागितला. सरकारी शाळेसाठी आज झगडणाऱ्या प्रत्येकाने आपल्या मागणीपत्राला एक पान जोडावे : आपल्या राज्यात शिक्षणाच्या नावाने कोणते कर आणि उपकर घेतले जातात, ते कोणाकडून येतात आणि मागील वर्षी त्यांतील किती रक्कम शाळेपर्यंत पोहोचली. ते पान भरून मागितले, की उत्तर देणे सरकारला भाग पडते.