उष्णतेचा हिशेब मांडणारा माणूस

मोहर्लीत मे महिन्याच्या दुपारी बॉनेट उघडून उभी असलेली जीप दिसली, तर कोणी वळूनही पाहत नाही. पारा पंचेचाळीसच्या पुढे गेलेला असतो, आणि माणसांप्रमाणे गाड्यांनाही धाप लागते. अशाच एका दुपारी आगरझरीच्या अलीकडे माझ्या जुन्या डिझेल जीपचे पाणी उकळले. एका मिस्त्रीने इंजिनावरचे झाकण खोलून थर्मोस्टॅट काढला आणि माझ्या हातावर ठेवला. थंड मुलखातली ही चीज, आपल्याकडे नसलेलीच बरी, असे त्याचे मत. मला ते पटले. उष्णता शत्रू, मग तिचा रस्ता अडवणारी चकती कशाला हवी?

दोन हिवाळे गेले. पहाटे जीप पांढरा धूर ओकू लागली, डिझेल जास्त लागू लागले, ऑइल कमी होऊ लागले. शेवटी इंजिन खोलले तेव्हा लायनर घासून गेले होते. त्या कामात एका हंगामाची कमाई गेली. जीप महिनाभर खोललेली पडून होती, तेव्हा ज्याच्या नावाचे इंजिन आपण वापरतो त्या रुडॉल्फ डिझेलचे चरित्र मी वाचून काढले. माझी चूक मला गॅरेजमध्ये कळली नव्हती. ती या माणसाच्या आयुष्यात सापडली.

डिझेलचा जन्म १८ मार्च १८५८ चा, पॅरिसचा. आईवडील जर्मन, वडिलांचा चामड्याच्या वस्तूंचा छोटा धंदा. १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले आणि जर्मन कुटुंबांना पॅरिस सोडावे लागले. डिझेल कुटुंब लंडनला गेले. तिथे हलाखी, म्हणून बारा वर्षांच्या रुडॉल्फला आऊग्सबुर्गला नातलगांकडे धाडले. मुलगा हुशार निघाला. शिष्यवृत्ती मिळवून तो म्युनिकच्या पॉलिटेक्निकमध्ये गेला.

तिथे त्याला गुरू भेटले कार्ल फॉन लिंडे, बर्फ तयार करणाऱ्या यंत्रांचे जनक. त्यांच्या वर्गात त्याने फ्रेंच अभियंता सादी कार्नो याचा १८२४ मधला सिद्धांत ऐकला. उष्णतेपासून काम मिळते ते तापमानांतल्या फरकामुळे, आणि त्यालाही मर्यादा आहे. त्या काळची चांगली वाफयंत्रेसुद्धा कोळशातल्या उष्णतेचा जेमतेम दहावा हिस्सा कामी लावत. बाकीची हवेत आणि पाण्यात जाई. हे नुकसान त्या विद्यार्थ्याच्या मनाला असे लागले की पुढचे आयुष्य त्याने त्याच हिशेबात घालवले.

हा हिशेब आपल्यालाही परका नाही. मोहर्लीजवळच्या इरई धरणाचे पाणी चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राला जाते. तिथल्या शीतकरण मनोऱ्यांतून निघणारे पांढरे ढग म्हणजे विजेत न उतरलेली उष्णताच. कोळशातली अर्ध्याहून अधिक उष्णता आजही अशीच जाते.

शिक्षणानंतर डिझेलने काही वर्षे लिंडे यांच्या बर्फाच्या व्यवसायात काम केले. वाफेऐवजी अमोनियावर चालणारे यंत्र करून पाहिले, पण ते जमले नाही. १८९२ मध्ये त्याने नव्या इंजिनाच्या पेटंटसाठी अर्ज केला. सिलिंडरमध्ये हवा इतकी दाबायची की ती दाबानेच तापावी, आणि मग त्यात इंधन सोडताच ठिणगीशिवाय पेट घ्यावा. कल्पना अशी होती की ज्वलन इतके आवरलेले राहील की सिलिंडर पाण्याने थंड करण्याची गरजच पडणार नाही. पाण्याला दिलेली उष्णता म्हणजे त्याच्या लेखी चोरी.

आऊग्सबुर्गच्या कारखान्यात पहिले इंजिन उभे राहिले, ते पाण्याच्या आवरणाविना. १० ऑगस्ट १८९३ रोजी त्यात इंधन सोडले तेव्हा स्फोट झाला आणि दाब मोजायचे उपकरण उडाले. माणसे थोडक्यात बचावली. पण इंधन पेटते हे सिद्ध झाले. १७ फेब्रुवारी १८९४ रोजी इंजिन स्वतःच्या बळावर मिनिटभर चालले. त्यानंतरची तीन वर्षे दुरुस्त्यांची. कागदावरच्या कल्पनेतले बरेच त्याला सोडावे लागले, आणि सिलिंडरभोवती पाणी खेळवावे लागले. १७ फेब्रुवारी १८९७ रोजी प्राध्यापक मोरित्स श्र्योटर यांनी अधिकृत चाचणी घेतली. इंधनातल्या उष्णतेपैकी २६.२ टक्के काम म्हणून हाती आले. जगातले कोणतेही इंजिन तोवर तिथे पोचले नव्हते.

मी इथे थांबलो. उष्णतेचा एक कणही सोडायला तयार नसलेल्या माणसाने शेवटी पाण्याला तिचा वाटा दिला, पण लागेल तेवढाच. मी मात्र थर्मोस्टॅट काढून सगळे दार सताड उघडे टाकले होते. डिसेंबरच्या पहाटे दहा अंशांत इंजिन तापतच नसे. थंड सिलिंडरमध्ये डिझेल पुरते जळत नाही, न जळलेले थेंब भिंतीवरचा ऑइलचा थर धुऊन नेतात, आणि ज्वलनातली वाफ थिजून गंधकाबरोबर आम्ल तयार करते. लायनर घासले ते यामुळे.

आणि उन्हाळ्यात तरी फायदा होता का? थर्मोस्टॅटवर कोरलेला आकडा तो उघडू लागतो त्या तापमानाचा. ७१, ८२, ८८ असे आकडे मिळतात. पूर्ण उघडायला आणखी दहाएक अंश लागतात. एकदा तो पूर्ण उघडला की ७१ काय आणि ८८ काय, पाणी सारखेच वाहते. पुढचे काम रेडिएटर, पंखा आणि पट्टा यांचे. शिवाय कित्येक इंजिनांत पूर्ण उघडलेला थर्मोस्टॅट आडवाट बंद करतो. तोच काढला तर थोडे गरम पाणी रेडिएटर टाळून पुन्हा इंजिनात शिरते. माझ्या जीपचा खरा आजार गाळाने भरलेला रेडिएटर होता.

डिझेलच्या वाट्याला नंतर पैसा आला, म्युनिकमध्ये हवेली आली आणि कज्जेही आले. पेटंटवरचे वाद, जमिनींच्या व्यवहारांतला तोटा आणि ढासळती प्रकृती यांनी तो पोखरला गेला. १९१२ मध्ये त्याच्या इंजिनावर चालणारे सेलांडिया हे जहाज महासागरात उतरले. जग त्याच्या यंत्राकडे वळत होते आणि त्याची तिजोरी रिकामी होत होती. २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री तो अँटवर्पहून हार्विचला निघालेल्या ड्रेस्डेन बोटीवर होता. जेवण झाले, सकाळी उठवायला सांगून तो खोलीत गेला आणि सकाळी सापडला नाही. काही दिवसांनी समुद्रात आढळलेल्या प्रेताच्या खिशातल्या वस्तू मुलाने ओळखल्या. आत्महत्या, अपघात की घातपात, याचा निकाल कधी लागला नाही. उरलेल्या कर्जाचा डोंगर मात्र घरच्यांना दिसला. उष्णतेच्या टक्क्यांचा दशांश चिन्हापर्यंत हिशेब ठेवणाऱ्याला घरचा हिशेब जमला नाही.

माझ्या जीपच्या जुन्या पुस्तिकेत ८२ हा आकडा आहे. नवा थर्मोस्टॅट बसवण्यापूर्वी मी तो पातेल्यातल्या पाण्यात दोरीने लटकवला, तळाला टेकू न देता, आणि शेजारी तापमापक धरला. ऐंशी उलटल्यावर चकती हलली, नव्वदीपलीकडे ती पूर्ण उघडली. रेडिएटरही धुऊन घेतला. जुनी गाडी बाळगणाऱ्यांना माझे एवढेच सांगणे आहे. उन्हाळ्याच्या धास्तीने खालचा आकडा घेऊ नका, कारखान्याने दिलेलाच घ्या, आणि पाणी उकळले तर आधी रेडिएटर पाहा. आता पहाटे मोहर्लीहून निघालो की वरचा होज पहिली काही मिनिटे हाताला थंड लागतो. पूर्वी मी त्याने घाबरलो असतो. आता वाट पाहतो.