टाकाऊतून टिकाऊ हसू

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या महिला मंडळात दरवर्षी एक विनोदी आयटम असतो. टीव्हीवर आणि मोबाइलवर स्टँड-अप कॉमेडी बघून बघून आता सगळ्यांनाच वाटतं, हातात माईक घेतला की झालं! पण विषय कुठून आणायचा? तेच सासू-सुनेचे किस्से, तेच इकडून तिकडे फिरणारे विनोद. काहीतरी आपलं, नवीन हवं म्हणून मीच एका मैत्रिणीला सुचवलं, की आपल्या गल्लीतल्या काकूंची नक्कल कर. तिने केलीही हुबेहूब. सगळा हॉल पोट धरून हसला. काकू मात्र वाण न घेताच उठून गेल्या.

त्या रात्री मला काही झोप लागली नाही. नक्कल मैत्रिणीने केली, पण विषय माझा होता ना! तेव्हा आठवली ती कॉलेजात इंग्रजी शिकताना ओळखीची झालेली जॉइस ग्रेनफेल. इंग्लंडमध्ये एके काळी घराघरात माहीत असलेली ही बाई. रंगमंचावर एकटीच उभी राहायची आणि आपल्या आवाजातून माणसं उभी करायची. आपल्या पुलंनी १९६१ साली ‘बटाट्याची चाळ’चा एकपात्री प्रयोग सुरू केला, साधारण त्याच जातीचं काम. आणि गंमत म्हणजे, तिला पहिला विषय मिळाला तो चक्क एका महिला मंडळात!

जॉइसचा जन्म १० फेब्रुवारी १९१० चा, लंडनचा. वडील पॉल फिप्स वास्तुरचनाकार, आई नोरा मूळची अमेरिकेची. ब्रिटिश संसदेत प्रत्यक्ष बसणारी पहिली महिला खासदार नॅन्सी ॲस्टर ही तिची सख्खी मावशी. एकपात्री प्रयोगांसाठी प्रसिद्ध असलेली रूथ ड्रेपर वडिलांकडून नात्यातली. तरी जॉइस काही लहानपणापासून रंगमंचावर नव्हती. १९२९ च्या डिसेंबरमध्ये, अवघ्या एकोणिसाव्या वर्षी, रेजी ग्रेनफेलशी तिचं लग्न झालं. पुढे दोघं मावशीच्या इस्टेटीतल्या एका छोट्या घरात राहू लागली. घर सांभाळायचं आणि तिथल्या विमेन्स इन्स्टिट्यूटचं, म्हणजे गावच्या महिला मंडळाचं काम करायचं, असा तिचा दिनक्रम. तुमच्या-माझ्यासारखाच म्हणा ना!

जोडीला एक काम तिने मिळवलं होतं. ‘ऑब्झर्व्हर’ या वृत्तपत्रात ती रेडिओच्या कार्यक्रमांवर लिहायची. त्यासाठी रोज रेडिओ ऐकायचा, मन लावून. कान तयार झाला तो तिथेच.

१९३९ च्या जानेवारीत लेखक स्टीफन पॉटर यांच्याकडे ती जेवायला गेली होती. थोड्याच दिवसांपूर्वी विमेन्स इन्स्टिट्यूटमध्ये तिने एका बाईंचं भाषण ऐकलं होतं. विषय होता घरच्या घरी करता येणाऱ्या उपयोगी भेटवस्तू. आपल्याकडच्या ‘टाकाऊतून टिकाऊ’सारखाच! झाडाखाली पडलेल्या फळांच्या रिकाम्या कवचांपासून कोटाला लावायचं फूल कसं करायचं, असलं काहीबाही. जेवणानंतर जॉइसने ते भाषण त्या थाटात करून दाखवलं. पाहुण्यांमध्ये हर्बर्ट फार्जन हे नाट्यनिर्माते होते. त्यांनी तिला थेट आपल्या कार्यक्रमात घेतलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये लंडनच्या ‘लिटल थिएटर’मध्ये ही एकोणतीस वर्षांची गृहिणी प्रेक्षकांसमोर उभी राहिली आणि गाजली.

आता बघा हं, इथे एक बारकावा आहे. त्या बाईंचं नाव-गाव तिच्या प्रवेशात कुठेच नाही. लोक हसले ते त्या बाईंच्या नाकाडोळ्यांना नाही, तर टाकाऊ वस्तूतून काहीतरी सुंदर केल्याचा जो आनंद चेहऱ्यावर फुलतो, त्याला. तो आनंद आपण सगळ्यांनीच कधी ना कधी मिरवलेला असतो. म्हणून ते हसू स्वतःकडेही वळतं.

मग दुसरं महायुद्ध आलं. १९४४ आणि १९४५ मध्ये जॉइस आणि पियानो वाजवणारी व्हायोला टनार्ड अशा दोघीच बायका उत्तर आफ्रिका, इटली, इजिप्त, इराक अशा कितीतरी देशांतल्या लष्करी इस्पितळांत हिंडल्या. आपल्या भारतातही आल्या होत्या. जखमी सैनिकांच्या खाटांमध्ये उभं राहून गायचं आणि हसवायचं. समोरचा माणूस आधीच दुखावलेला असताना हसवणं म्हणजे काय, हे तिथे तिने रोज अनुभवलं असणार. या कामाबद्दल १९४६ साली तिला ‘ओबीई’ हा सरकारी सन्मान मिळाला.

तिचे सगळ्यांत लोकप्रिय प्रवेश बालवाडीच्या बाईंचे. तिला स्वतःला मूलबाळ नव्हतं आणि रंगमंचावरही एकसुद्धा मूल नसायचं. तरी ती बोलू लागली की वर्गभर पोरं दिसायची! त्यात जॉर्ज नावाच्या पोराला बाई मधूनच कशापासून तरी थांबवतात. तो नेमकं काय करतोय, ते शेवटपर्यंत कळत नाही. बाईंचा संयम सुटत चाललाय, पण आवाजातला गोडवा सोडायचा नाही. ही कसरत कुठल्या आईला ठाऊक नाही?

आणि तिच्या सगळ्याच प्रवेशांत नुसतं हसू नव्हतं हं. एकात म्हाताऱ्या वडिलांचं करणारी मुलगी फोनवर आपल्या मित्राला सांगते, की आज भेटायला जमणार नाही. दुसऱ्यात एक आई मुलाला आणि परक्या वंशाच्या सुनेला भेटायला पहिल्यांदाच विमानाने अमेरिकेला निघालीय. ऐकताना हसता हसता घशाशी काहीतरी येतं. हे विषय तिने कुठून दूरवरून आणले नाहीत. बायकांचं रोजचं बोलणं नीट ऐकलं, एवढंच.

१९५४ पासून स्वतःच्या नावाचा कार्यक्रम, न्यूयॉर्क, ऑस्ट्रेलियाचे दौरे, सेंट ट्रिनियन्सच्या चित्रपटांतली धांदरट महिला पोलीस, असं खूप काही तिने केलं. १९७३ मध्ये एका डोळ्याची दृष्टी गेली आणि तिने रंगमंच सोडला. ३० नोव्हेंबर १९७९ रोजी ती गेली. लग्नाला पन्नास वर्षं पूर्ण व्हायला जेमतेम बारा दिवस राहिले होते.

हे सगळं मनात घोळत असताना मला आमच्या हॉलमधली चूक कळली. विषय शोधायला आम्ही दुसऱ्याच्या दारात गेलो. आहेरात फिरत फिरत आपल्याकडेच परत येणारी साडी, भिशीच्या दिवशी अचानक आठवणारी कामं, पाहुणे उठल्यावर दारात उभं राहून तासभर चालणाऱ्या गप्पा, हे सगळं आपल्याच घरात पडून होतं की! काकूंमध्ये सगळ्यांसारखं काय आहे ते न शोधता, त्यांच्यात वेगळं काय आहे तेवढंच आम्ही उचललं. म्हणून सगळे हसले आणि त्या एकट्या पडल्या.

दुसऱ्या दिवशी वाण घेऊन काकूंकडे गेले. सरळ सांगून टाकलं, की कल्पना माझीच होती, माझं चुकलं. त्या फारसं बोलल्या नाहीत, पण चहा ठेवला.

पुढच्या संक्रांतीचा विषय ठरलाय. गावोगावच्या बचत गटांत जाऊन ‘टाकाऊतून टिकाऊ’वर भाषणं ठोकणाऱ्या एक बाई आहेत. जुन्या बांगड्यांचं तोरण दाखवताना त्यांचा चेहरा असा काही फुलतो की बघत राहावं! त्यांची परवानगी काढायची गरज नाही. त्या बाई म्हणजे मीच. आणि काकूंना मी पहिल्या रांगेत बसवणार आहे.