कामगारांचे मजूरमंत्री : डॉ. बाबासाहेब आंबेडकर

1891 हे वर्ष श्रमिकांच्या इतिहासात दोन कारणांनी स्मरणीय आहे. त्या वर्षी 14 एप्रिल रोजी महूच्या लष्करी छावणीत भीमराव रामजी आंबेडकर यांचा जन्म झाला, आणि महिनाभरानंतर, 15 मे रोजी, पोप लिओ तेरावे यांनी 'रेरुम नोवारुम' या परिपत्रकाद्वारे न्याय्य वेतन, विश्रांती व संघटना या कामगारांच्या हक्कांचा पुरस्कार केला. या दोन घटनांचा परस्परांशी संबंध नव्हता. तरीही हा योगायोग आम्हांस बोलका वाटतो.

आपल्या शहरात बाबासाहेबांचे नाव निघताच नागसेनवन व विद्यापीठ डोळ्यांपुढे येतात. वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यांत राबणाऱ्या आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांशी त्यांचे आणखी एक नाते आहे. ते फारसे कोणी सांगत नाही, म्हणून हा लेखप्रपंच.

परळच्या चाळीत राहिलेल्या बाबासाहेबांना गिरणी कामगारांचे जीवन जवळून ठाऊक होते. अधिक मजुरीच्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना प्रवेश नसे. कारण धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागे आणि विटाळ आड येई. मालकांच्या अन्यायाबरोबर सोबत्यांचा अन्यायही त्यांनी असा पाहिला होता. 1936 मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. संपाच्या हक्कावर बंधने घालणाऱ्या मुंबई सरकारच्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध 7 नोव्हेंबर 1938 रोजी झालेल्या एक दिवसाच्या संपाचे ते एक पुढारी होते.

जुलै 1942 मध्ये हाच संपाचा पुढारी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाला. महायुद्ध ऐन भरात होते; सरकारला उत्पादन हवे होते, कलह नको होता. ऑगस्ट 1942 मध्ये त्यांच्या अध्यक्षतेखाली सरकार, मालक व कामगार यांचे प्रतिनिधी दिल्लीत एकत्र बसले आणि अशा त्रिपक्षीय विचारविनिमयासाठी कायमची यंत्रणा उभारण्यात आली. कामगाराला अर्जदार म्हणून दारात उभे न करता चर्चेत बरोबरीचे आसन द्यावे, हे आम्हांस त्यांच्या कारकिर्दीचे मर्म वाटते.

सर्वांत कठीण कसोटी कोळशाच्या खाणींत लागली. स्त्रियांनी भूगर्भात काम करण्यास पूर्वी बंदी होती. युद्धकाळात कोळसा कमी पडू लागला, तेव्हा 1943 मध्ये सरकारने ती बंदी उठविली. देशविदेशांत टीका झाली आणि विधिमंडळात या निर्णयाचे समर्थन करण्याचे काम बाबासाहेबांवरच येऊन पडले. ही तात्पुरती निकड आहे आणि स्त्रियांना पुरुषांइतकीच मजुरी मिळेल, अशी त्यांची भूमिका होती. हा निर्णय आम्हांस आजही खटकतो. मात्र तो घेऊन ते दिल्लीत स्वस्थ बसले नाहीत. डिसेंबर 1943 मध्ये ते धनबादच्या खाणीत स्वतः उतरले व मजुरांची वस्तीही त्यांनी पाहिली. पुढच्याच महिन्यात निघालेल्या वटहुकुमाने कोळशावर कर बसवून खाणकामगारांसाठी कल्याण निधी उभारला. फेब्रुवारी 1946 पासून स्त्रियांवरील ती बंदी पुन्हा लागू झाली.

त्याच वर्षी कारखाने कायद्यात दुरुस्ती होऊन बारमाही कारखान्यांतील कामाचा आठवडा 54 तासांवरून 48 तासांवर आला. 1948 च्या कारखाने कायद्यातही तीच मर्यादा राहिली. किमान वेतनाचे विधेयकही त्यांच्याच काळात मांडले गेले. कायदा 1948 मध्ये झाला. कामगार संघटनांना मान्यता देणे मालकांवर बंधनकारक करणाऱ्या विधेयकाच्या नशिबी मात्र वेगळेच आले. 1947 मध्ये ते संमत झाले, पण अमलात कधीच आणले गेले नाही!

1946 मध्ये त्यांचे मंत्रिपद संपले. मंत्रिपदावर असतानाच, जुलै 1945 मध्ये, त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली होती. त्याच संस्थेने 1950 मध्ये आपल्या शहरात महाविद्यालय उघडले. मराठवाडा त्या वेळी हैदराबाद राज्यात होता आणि येथील गरिबांच्या मुलांना उच्च शिक्षण दुर्लभ होते. 1 सप्टेंबर 1951 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसविण्यात आली. तेच आजचे मिलिंद महाविद्यालय. ऑक्टोबर 1956 मध्ये बाबासाहेबांनी नागपूर येथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि 6 डिसेंबर रोजी दिल्लीत त्यांचे महानिर्वाण झाले. 1994 मध्ये मराठवाडा विद्यापीठास त्यांचे नाव जोडण्यात आले.