नियम रोगासाठी की माणसासाठी?

महात्मा गांधींच्या सत्याग्रहांविषयी पुष्कळ लिहिले जाते. प्लेगच्या साथींनी त्यांना काय शिकवले, हे मात्र मागे राहते. आरोग्याचे नियम कोणावर आणि कसे लागू होतात, याचा विचार करताना मला हाच भाग मोलाचा वाटतो.

१८९६ साली मुंबईत प्लेग उद्भवला तेव्हा गांधीजी राजकोटला होते. तेथील शौचकूप तपासणाऱ्या समितीत त्यांनी काम केले. गरिबांनी तपासणीस हरकत घेतली नाही, सधनांनी घेतली. अस्पृश्यांच्या वस्तीत त्यांच्याबरोबर समितीचा एकच सदस्य आला. तेथील घरे स्वच्छ निघाली. घाण आढळली ती प्रतिष्ठितांच्या घरी.

त्याच वर्षी १८ डिसेंबरला त्यांचे जहाज डर्बनला पोचले. त्यावर व सोबतच्या दुसऱ्या जहाजावर मिळून सुमारे ८०० प्रवासी होते. प्लेगचा रुग्ण एकही नव्हता. मुंबई सोडल्यापासून २३ दिवस पुरे व्हावेत म्हणून आधी पाच दिवसांचे विलगीकरण लागले. त्याला वैद्यकीय आधार होता. पण मुदत संपल्यावरही ती वाढवली गेली. शहरात गोऱ्यांच्या सभा भरत होत्या. हिंदी प्रवाशांना परत धाडा, अशी मागणी होती. प्रवासी उतरले ते १३ जानेवारी १८९७ रोजी. जमावाने गांधीजींना मारहाण केली. हल्लेखोरांवर खटला भरण्यास त्यांनी नकार दिला.

१९०४ मध्ये जोहान्सबर्गच्या हिंदी वस्तीची मालकी नगरपालिकेकडे गेली होती आणि सफाई ढासळली होती. गांधीजींनी फेब्रुवारीत आरोग्य अधिकाऱ्यास लेखी सावध केले. मार्चमध्ये प्लेग आला. रिकाम्या घराचे कुलूप तोडून २३ रुग्णांची सोय करण्यात आली. गांधीजींनी सहकाऱ्यांसह शुश्रूषा केली. वस्ती हलवण्याच्या कामी त्यांनी नगरपालिकेला साहाय्य केले, पण तिच्या निष्काळजीपणावर जाहीर बोटही ठेवले. वस्ती अखेर जाळण्यात आली.

आपला साथरोग कायदा १८९७ च्या फेब्रुवारीतला, म्हणजे डर्बनच्या प्रसंगानंतर काही आठवड्यांचा. सेवेत असताना त्याखालील आदेश मीही अमलात आणले आहेत. साथ कोणासाठी थांबत नाही, म्हणून अधिकार कठोर असावेत, हे मला मान्य आहे. परंतु प्रत्येक आदेशाला दोन प्रश्न विचारले पाहिजेत. निर्बंधाची मुदत रोगाच्या स्वरूपावरून ठरली की माणसाच्या ओळखीवरून? आणि तपासनीस झोपडीत शिरला, तसा वाड्यातही शिरला काय? उत्तरे समाधानकारक नसतील, तर तो आदेश कागदोपत्री वैध असूनही न्याय्य नव्हे. आणि अन्याय्य आदेशापासून लोक रोग लपवू लागतात.