शार्ल रिशे आणि उलटलेला प्रयोग

मामांच्या केसपेपरवर डॉक्टरांनी लिहिलेला एक लांबलचक शब्द मी घरी येऊन कोशात शोधला : अ‍ॅनाफिलॅक्सिस. मामांना फुप्फुसाचा जुना विकार. दर हिवाळ्यात कफ वाढतो, ताप चढतो आणि अँटिबायोटिकची इंजेक्शने घ्यावी लागतात. गेल्या खेपेला मात्र इंजेक्शन देताच सर्वांगावर गांधी उठल्या, श्वास कोंडला. जे औषध अनेकदा मानवले, तेच कसे उलटले? याचा माग काढता काढता मला शार्ल रिशे भेटले. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने वैद्यकात नाक खुपसल्याबद्दल विज्ञान शाखेच्या मित्रांनी क्षमा करावी.

रिशे यांचा जन्म २६ ऑगस्ट १८५० रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील नामांकित शल्यचिकित्सक. रिशे मात्र प्रयोगशाळेत रमले आणि १८८७ मध्ये पॅरिसच्या वैद्यक विद्यालयात शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक झाले. गृहस्थ मोठे हौशी! टोपणनावाने कादंबऱ्या लिहिल्या, विमान उडवण्याच्या खटाटोपातही भाग घेतला. पण खरा ध्यास एकच, शरीराला रोगापासून संरक्षण कसे द्यावे. एका प्राण्याला लाभलेले संरक्षण रक्तावाटे दुसऱ्याला देता येते, हे त्यांनी एरिकूर यांच्यासह १८८८ मध्ये दाखवले. त्याच आशेने १८९० मध्ये त्यांनी क्षयरोग्याला रक्तद्रव टोचून पाहिला. क्षय हटला नाही.

१९०१ मध्ये मोनॅकोचे राजे पहिले आल्बर्ट यांच्या जहाजावरून रिशे आणि पॉल पोर्तिये अटलांटिक सफरीला गेले. तेथे फिझालिया या विषारी सागरी जीवाचा त्यांनी अभ्यास केला. (आपल्या गोव्याच्या किनाऱ्यावरही पावसाळ्यात तो वाहून येतो.) फ्रान्सला परतल्यावर फिझालिया मिळेना, म्हणून समुद्रफुलाचे विष घेऊन कुत्र्यांवर प्रयोग सुरू झाले. थोडे विष पचवलेल्या कुत्र्याला पुढे तेच विष कमी बाधेल, असा त्यांचा कयास होता.

नेपच्यून नावाच्या धष्टपुष्ट कुत्र्याने पहिली मात्रा सहज सोसली. २२ दिवसांनी, तो ठणठणीत असताना, तेवढीच मात्रा पुन्हा दिली. काही सेकंदांतच तो धापा टाकू लागला, कोसळला, रक्त ओकला आणि २५ मिनिटांत मेला.

हा कयासाच्या थेट उलटा निकाल होता. विष बिघडले असेल, कुत्रा आजारी असेल, असे म्हणून वही मिटणे सोपे होते. रिशे यांनी ती मिटली नाही. दुसऱ्या कुत्र्यांवर तेच करून पाहिले, तेच घडले. संरक्षणाच्या विरुद्ध अशा अर्थाचा ग्रीक शब्द जुळवून १९०२ मध्ये त्यांनी ही घटना जगापुढे मांडली. पहिल्या भेटीत शरीर त्या पदार्थाची ओळख मनात धरते आणि पुढच्या भेटीत स्वतःच्याच जिवावर उठते. १९१३ चे नोबेल पारितोषिक त्यांना याच शोधासाठी मिळाले.

याच माणसाने प्रेतात्म्यांच्या बैठकींवर विश्वास ठेवला आणि वंशभेदाच्या अघोरी कल्पनांचा पुरस्कार केला. कुत्र्यांच्या बाबतीत दाखवलेला काटेकोरपणा तेथे कोठे गेला, हे मला उमगत नाही.

संकट रिशे यांनी दाखवले, त्यातून वाट काढली ती पॅरिसच्याच पाश्चर संस्थेतील बेझ्रेद्का यांनी. आधी अत्यल्प मात्रा दिली तर पुढची मोठी मात्रा प्राणी सोसतो, हे १९०७ च्या सुमारास त्यांनी गिनीपिगांवर दाखवले. रिशे ४ डिसेंबर १९३५ रोजी वारले. पेनिसिलिन रुग्णालयांत सर्रास मिळू लागले ते १९४० च्या दशकात, आणि ते ज्यांना सोसेना त्यांच्यासाठी हीच वाट कामी आली.

मामांच्या कफातील जंतूंना दुसरे औषध लागू पडेना, तेव्हा डॉक्टरांनी तीच वाट धरली. पूर्ण मात्रेच्या १०,००० व्या भागापासून आरंभ. मग दर अर्ध्या तासाने दुप्पट. नर्स उशाशी, अ‍ॅड्रिनॅलिनची सिरिंज भरलेली. सायंकाळपर्यंत मामांनी पूर्ण मात्रा घेतली. मात्र ही सवय औषध चालू असेतोवरच टिकते. मध्ये खंड पडला की पुन्हा पहिल्यापासून. म्हणून मामी रात्री दोनचा गजर लावून बसत, आणि नर्सला उशीर झाला की स्वतःच तिला हाक मारायला जात.