डॉ. बा. वि. केसकर : नभोवाणीचा मंत्री आणि श्रोत्यांचा विश्वास

नवी दिल्लीतील कोपर्निकस मार्गावर जुने महाराष्ट्र सदन आहे. दूरदर्शन भवन आणि प्रसार भारतीचे मुख्यालयही याच मार्गावर आहे. सार्वजनिक प्रसारण संस्थेत बातमी देणाऱ्याची बांधिलकी कोणाशी असावी, त्याला वेतन देणाऱ्या शासनाशी, त्याच्या स्वतःच्या मतांशी की ऐकणाऱ्या जनतेशी, हा प्रश्न या वास्तूंशी कायमचा जोडला गेला आहे. स्वतंत्र भारतात या प्रश्नाला जे रूप आले, त्यात एका पुणेकर मंत्र्याचा मोठा वाटा होता. डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे ते मंत्री. १९५२ ते १९६२ अशी सलग दहा वर्षे त्यांनी केंद्रीय माहिती व नभोवाणी खाते सांभाळले.

पुणे, काशी आणि पॅरिस

केसकर यांचा जन्म १९०३ मध्ये पुण्यात झाला. राष्ट्रीय शिक्षणाच्या ओढीने ते काशी विद्यापीठात गेले आणि पुढे पॅरिसच्या सोरबॉन विद्यापीठातून त्यांनी डॉक्टरेट मिळवली. स्वातंत्र्य चळवळीत ते काँग्रेसचे कार्यकर्ते होते. स्वातंत्र्यानंतर परराष्ट्र खात्याचे उपमंत्री म्हणून त्यांनी काम केले. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर पंडित जवाहरलाल नेहरू यांनी त्यांच्याकडे माहिती व नभोवाणी खाते सोपवले.

राजकारणी आणि विद्वान या ओळखींखेरीज त्यांची आणखी एक ओळख होती. त्यांनी शास्त्रीय संगीताचे शिक्षण घेतले होते आणि भारतीय संगीताविषयी त्यांची मते ठाम होती. संस्थानांचा आश्रय संपल्यावर कलावंतांना आधार देण्याचे काम नभोवाणीने केले पाहिजे, असे ते मानत. देशातील सर्वात मोठे श्राव्य माध्यम आता अशा जाणकाराच्या हाती आले होते.

चित्रपटगीतांचा वाद

पदभार घेताच केसकर यांनी चित्रपटगीतांच्या प्रसारणावर मर्यादा घातली. या निर्णयाला दोन बाजू होत्या. गाणे लावताना चित्रपटाचे नाव सांगणे म्हणजे जनतेच्या पैशावर चालणाऱ्या केंद्रावरून खासगी निर्मात्याची फुकट जाहिरात करणे होय, असा नभोवाणीचा आक्षेप होता. म्हणून केवळ गायकाचे नाव सांगावे, असे ठरले. सार्वजनिक माध्यमाने खासगी लाभापासून दूर राहावे, हे या आक्षेपामागील तत्त्व योग्यच होते. निर्मात्यांना मात्र ते मान्य झाले नाही. त्यांनी गाणी वाजवण्याचे परवाने मागे घेतले आणि आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ नाहीशी झाली.

दुसरी बाजू आवडीची होती. चित्रपटसंगीत हीन अभिरुचीचे आहे, हे केसकर यांचे वैयक्तिक मत होते आणि तेच देशाचे धोरण झाले. श्रोत्यांनी त्यावर आपला मार्ग शोधला. त्यांनी रेडिओ सिलोन लावला. १९५२ च्या अखेरीस तेथून ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि अमीन सयानी यांचा आवाज घराघरांत पोहोचला. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करून आकाशवाणीला चित्रपटगीतांसाठी पुन्हा दार उघडावे लागले.

याच दशकात सुगम संगीताला मिळालेल्या उत्तेजनाचे फळही नाकारता येत नाही. १९५५ च्या रामनवमीपासून वर्षभर पुणे केंद्राने ‘गीतरामायण’ प्रसारित केले. त्याचे कवी ग. दि. माडगूळकर आणि संगीतकार सुधीर फडके हे दोघेही मराठी चित्रपटसृष्टीतच नावारूपाला आले होते. दर्जा माध्यमावरून ठरत नाही, हे त्यातून आपोआप सिद्ध झाले.

शिफारशीला आळा

केसकर यांचे सर्वात दूरगामी काम म्हणजे कलावंतांची ध्वनिचाचणी. कार्यक्रम मिळवण्यासाठी ओळख, घराणे किंवा अधिकाऱ्याची मर्जी उपयोगी पडू नये, यासाठी परीक्षक मंडळे नेमण्यात आली. पंडित श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांच्यासारख्या अधिकारी व्यक्तीकडे त्यांचे नेतृत्व होते. गाणारा कोण हे न पाहता केवळ गाणे ऐकून श्रेणी ठरवावी, असे या पद्धतीचे तत्त्व होते. अनेक नामवंतांना परीक्षा देणे अपमानास्पद वाटले आणि त्यांनी विरोधही केला. तरीही श्रेणी देण्याची ही पद्धत आकाशवाणीत टिकून राहिली. निवड करणाऱ्याचा आणि निवडल्या जाणाऱ्याचा संबंध तोडल्याशिवाय निवड निःपक्षपाती होत नाही, हे तिने शिकवले.

संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम, रेडिओ संगीत संमेलन आणि पंडित रविशंकर यांच्या नेतृत्वाखालील वाद्यवृंद हीदेखील याच काळाची देणगी आहे.

पत्रकारांना संरक्षण, नभोवाणीला नाही

संगीतात जे तत्त्व केसकर यांनी आग्रहाने राबवले, ते वृत्तविभागाला लागू झाले नाही. त्यांच्या कारकीर्दीचे खरे कोडे येथे आहे.

१९५२ मध्ये न्यायमूर्ती जी. एस. राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली पहिला वृत्तपत्र आयोग नेमण्यात आला. आयोगाने १९५४ मध्ये अहवाल दिला आणि वृत्तपत्रांच्या मालकीचा संपादकीय स्वातंत्र्यावर होणारा परिणाम देशापुढे मांडला. त्यानंतर १९५५ मध्ये संसदेने श्रमिक पत्रकारांचा कायदा केला. कामाचे तास, उपदान, भविष्यनिर्वाह निधी आणि वेतनमंडळ यांची तरतूद त्यात होती. संपादकाला कामावरून दूर करायचे असल्यास सहा महिन्यांची, इतर पत्रकारांना तीन महिन्यांची पूर्वसूचना बंधनकारक झाली. ज्याची भाकर मालकाच्या लहरीवर अवलंबून आहे, तो पत्रकार निर्भयपणे लिहू शकत नाही, ही जाणीव या तरतुदींमागे होती.

हा कायदा वृत्तपत्रांपुरता होता. आकाशवाणीच्या वृत्तविभागातील कर्मचारी शासकीय सेवेत होते. त्यांची नेमणूक, बदली आणि बढती ज्या खात्याच्या हाती होती, तेच खाते सरकारची प्रसिद्धीही करत असे. १ मार्च १९६० रोजी केंद्रीय माहिती सेवा स्थापन झाली. या सेवेतील अधिकारी आज आकाशवाणीत बातम्यांची निवड करतो, तर उद्या पत्र सूचना कार्यालयात बसून एखाद्या मंत्रालयाची प्रसिद्धिपत्रके काढतो. दोन्ही कामे प्रतिष्ठेची आहेत. मात्र एकाच व्यक्तीने ती आलटून पालटून केली, तर शासनाला अडचणीत आणणारी बातमी देताना तिचा हात अडखळण्याची शक्यता असते. यात कोणी लाच घेत नाही आणि कोणाची नियतही खोटी नसते. हितसंबंधांचा संघर्ष व्यक्तीच्या चारित्र्यात नसून व्यवस्थेच्या रचनेत असतो, तेव्हा तो लवकर दिसत नाही.

वृत्तपत्रातील पत्रकाराला मालकापासून संरक्षण मिळाले, तेव्हा देशातील सर्वात मोठ्या वृत्तकक्षाचे मालकपण केसकर यांच्याच खात्याकडे होते. निवडणुकीच्या काळात राजकीय पक्षांना आकाशवाणीवर वेळ मिळाला, तो थेट १९७७ मध्ये.

नंतरची वाटचाल

१९६२ च्या निवडणुकीत केसकर पराभूत झाले आणि मंत्रिपद संपले. त्यानंतर ते नॅशनल बुक ट्रस्टचे अध्यक्ष झाले. १९६७ मध्ये भारतीय संगीताच्या प्रश्नांवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. १९८४ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांनी मागे ठेवलेला प्रश्न मात्र पुढे अनेक समित्यांपुढे आला. १९६६ मध्ये चंदा समितीने स्वतंत्र महामंडळांची शिफारस केली. १९७५ ते १९७७ च्या आणीबाणीत शासनाच्या हातातील माध्यमाचे काय होते, हे देशाने अनुभवले. १९७८ मध्ये बी. जी. वर्गीज यांच्या कार्यगटाने स्वायत्ततेचा आराखडा दिला. १९९० मध्ये प्रसार भारतीचा कायदा झाला आणि १९९७ मध्ये तो अमलात आला. नागरिकांना मुक्त, सत्य व वस्तुनिष्ठ माहिती मिळवण्याचा हक्क आहे आणि प्रसारकाने स्वतःचे कोणतेही मत पुढे रेटू नये, असे या कायद्यात नमूद आहे.

केसकर यांना चित्रपटगीतांचा शत्रू म्हणून लक्षात ठेवणे सोपे आहे, पण ते अपुरे आहे. संगीताच्या परीक्षेत ओळख आणि मर्जी यांना बाहेर ठेवणारा, पत्रकारांच्या कायद्याच्या वेळी या खात्याचा मंत्री असणारा आणि तरीही स्वतःच्या आवडीला व खात्याच्या अधिकाराला तीच कसोटी न लावणारा असा हा मंत्री होता. कोपर्निकस मार्गावरील वृत्तसेवेत आज काम करणाऱ्या प्रत्येकाला त्यांच्या चरित्रातून एक साधा धडा घेता येतो. हितसंबंध केवळ पैशाचे नसतात. पद, मत आणि आवड यांचेही असतात, आणि ते प्रामाणिक माणसालाही ओळखून बाजूला ठेवावे लागतात.